दगड नव्हते ते

या आठवड्यात शेतीची थ्री फेज लाईट रात्रीची आहे. साडेबाराला येते, सकाळपर्यंत राहते. मोटार चालू करून घरी येऊन झोपता येत नाही. मक्याला दारं धरायचं तर माणूस वावरातच लागतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गावी असलो की ही पाळी माझी. परवा असाच विहिरीच्या कठड्याला टेकून, स्टार्टरच्या पेटीजवळ पोतं अंथरून बसलो होतो. बॅटरी विझवलेली. पलीकडं देवगिरीचा किल्ला, काळ्या आभाळात आणखी काळा. तेवढ्यात माळाकडून टिटवी ओरडली.

रात्री टिटवी ओरडली की आमच्याकडं अजूनही लोक बोलता बोलता थांबतात. टिटवी बोलली म्हणजे कुणाचं तरी भरलं, असं म्हणतात. माझी आजी तर झोपेतून उठून बसायची आणि अंधाराकडं तोंड करून तिला शिव्या घालायची.

मला मात्र टिटवी ओरडली की टीव्ही आठवतो. टीव्हीवरचा एक रविवार आठवतो, उंबऱ्यावर बसलेले दादा, म्हणजे माझे वडील, आठवतात आणि त्यांनी म्हटलेलं एक वाक्य. त्या रात्री पहिल्यांदाच वाटलं, तो कार्यक्रम आपण पूर्ण पाहिलाच नव्हता, आता शोधावा. मोबाईल काढला. नाव माहीत नव्हतं. दगडाचं जनावर, खाण, लांब कानांचा माणूस, एवढं लिहून शोधलं आणि दोन मिनिटांत ते समोर आलं: 'स्टार ट्रेक', पहिला हंगाम, भाग 'द डेव्हिल इन द डार्क'. अमेरिकेत ९ मार्च १९६७ला पहिल्यांदा दाखवलेला. माझ्या जन्माच्याही आधीचा.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ही मालिका रविवारी सकाळी लागायची. आमच्या चुलत्यांकडं लाकडी खोक्याचा, सरकत्या शटरचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता. ओसरीत पंचवीस-तीस माणसं मावायची. इंग्रजी कुणालाच येत नव्हतं. माझा थोरला चुलतभाऊ शहरात अकरावी सायन्सला होता, त्याच्याकडं सगळ्यांनी दुभाष्याचं काम दिलं होतं. त्याला समजायचं तेवढं तो सांगायचा, उरलेलं आम्ही चेहऱ्यांवरून लावायचो. गंमत म्हणजे गोष्ट आमच्यापर्यंत पोचायची. मी पुढं विज्ञानाचा मास्तर झालो त्यात त्या ओसरीचा मोठा वाटा आहे, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

त्या दिवशीच्या भागात सगळी भुयारंच भुयारं होती. दूरच्या कुठल्या तरी ग्रहावर माणसांची खाण. खाणीत अंधारातून काहीतरी येतं आणि माणसांना जाळून टाकतं. पन्नासाहून जास्त गेलेले. मग अंतराळजहाजातून तो कॅप्टन कर्क, कानवाला स्पॉक आणि डॉक्टर मॅकॉय तिथं उतरतात. आम्हा पोरांना भुयार म्हणजे काय हे चांगलं माहीत होतं. शाळेची सहल दर दोन वर्षांनी दौलताबादच्या किल्ल्यावर जायची आणि तिथली ती अंधारी, डोंगर कोरून काढलेला वळणाचा काळोखी रस्ता, टेंभ्याचा धूर, वटवाघळांचा वास, हे अंगात भिनलेलं होतं. टीव्हीवरचं भुयार आम्हाला अंधारीसारखंच वाटलं. अंधारीत काहीतरी राहतं हे तर आम्हाला आधीपासून ठाऊकच होतं.

दादा मधेच आले. टीव्हीपुढं बसायची त्यांना सवय नव्हती. चुलत्यांकडं काहीतरी काम होतं, वहिनींनी चहा दिला म्हणून उंबऱ्यावर टेकले. पायांना गुडघ्यापर्यंत मुरूम लागलेला, कारण त्या उन्हाळ्यात आमची विहीर चालू होती. त्याच वेळी पडद्यावर खाणीच्या साहेबाच्या खोलीत एक गोल गरगरीत गोळा दिसला. स्पॉक त्याबद्दल विचारत होता आणि साहेब हात झटकून काहीतरी सांगत होता. चुलतभाऊ म्हणाला, "दगड म्हणतोय. सिलिकॉनचा गोळा. खाली लाखानं पडलेत म्हणतोय, काही किंमत नाही त्याला."

दादांनी बशी खाली ठेवली. म्हणाले, "दगड नाहीत ते. अंडे हायेत."

ओसरी हसली. चुलतभाऊ म्हणाला, "काका, इंग्रजीत दगडच म्हणले." दादा काही बोलले नाहीत. पण काम सांगून लगेच जाणारा माणूस, तो तिथंच बसून राहिला.

पुढं ते जनावर आलं. दगडाचंच, सरपटत, खडक विरघळवत येणारं. कर्कनं त्याला जखमी केलेलं. मग स्पॉक त्याच्याजवळ गेला, हात लावला आणि कळवळून ओरडायला लागला. एकच शब्द, पुन्हापुन्हा. चुलतभाऊ म्हणाला, "दुखतंय म्हणतोय." आणि लाईट गेली.

ती संध्याकाळपर्यंत आली नाही. पोरांनी आपापला शेवट लावला. बहुतेकांनी जनावराला मारून टाकलं. मीही त्यातच होतो. नंतर इतकी वर्षं माझ्या डोक्यात ते जनावर मेलेलंच होतं.

दादांना ते अंडे कुठून दिसले, हे सांगायचं तर विहिरीकडं जावं लागतं.

आमची जमीन किल्ल्याच्या मागच्या अंगाला, माळाला लागून. वर हातभर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या खडक आणि त्याखाली काळा पाषाण, घण मारला तर घणच उलटून येईल असा. याच पाषाणात थोड्याच अंतरावर वेरूळचं कैलास लेणं आहे. आठव्या शतकात राष्ट्रकूटांच्या काळात वरून खाली कोरत आणलेलं, आधी कळस मग पाया. दादा कैलासाबद्दल फार बोलायचे नाहीत. १९७२च्या दुष्काळात त्यांनी खडी फोडली होती, सुकडी खाऊन. पण लेण्यात नेलं की ते मूर्तीकडं न बघता भिंतीवरून हात फिरवायचे, छिन्नीच्या खुणा बोटानं मोजत.

विहीर साडेतीन परस गेली होती आणि पाण्याचा पत्ता नव्हता. सुरुंगवाले आणले. दिवसभर भोकं पाडायची, दारू ठासायची, सांजच्याला माणसं बाहेर काढून बार उडवायचा, दुसऱ्या दिवशी फुटलेला खडक यारीनं वर ओढायचा आणि बायांनी घमेल्यातून ढिगावर नेऊन टाकायचा. कधी कधी खडकाच्या पोटातून गारगोटीचे गोळे निघायचे, फोडले की आत पांढरे लखलखीत स्फटिक. आम्ही पोरं ते गोळा करून दप्तरात ठेवायचो.

मधे सणामुळं आठ-दहा दिवस काम बंद राहिलं. परत सुरू झालं त्या दिवसापासून टिटवीनं नुसता उच्छाद मांडला. कुणी ढिगाकडं गेलं की डोक्यावरून झेप घ्यायची, किंचाळायची, पुढं पळत जाऊन एक पंख मोडल्यासारखा जमिनीवर फरफटवायची. रात्रीही ओरडायची. त्यातच एक बार उशिरा उडाला आणि एका गड्याच्या खांद्यावर धोंडा बसला. हाड वाचलं, पण त्याला गाडीत घालून शहरात न्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी मुकादम म्हणाला, या टिटवीचं काहीतरी करा, ही माणूस खाणार. दोघातिघांनी हातात दगड घेतले. मी पण घेतला होता. माझ्या हातातला दगड मला अजून आठवतो, चपटा, एका बाजूला कडक उन्हानं तापलेला.

ढिगाकडं घमेलं घेऊन निघालेली एक बाई मधेच थांबली. डोक्यावर खडकानं भरलेलं घमेलं, दोन्ही हात वर, आणि ती खाली बघतेय. पुढं जाईना, मागं येईना, घमेलं ओतेना. मुकादम ओरडला तरी हलली नाही. दादा तिच्याकडं गेले. तिनं हनुवटीनं खाली दाखवलं. दादा उकिडवे बसले. मी मागून वाकून बघितलं तर मला नुसता मुरूमच दिसला. करडे, मातकट, काळे ठिपके असलेले खडे. दादांनी माझं बोट धरून हळूच त्यातल्या एका खड्यावर टेकवलं. तो खडा गरम होता, आणि बाकीच्या खड्यांपेक्षा गुळगुळीत. मग एकदम चारही दिसले. टोकं आत करून मांडलेली चार अंडी. घरटं म्हणजे काही नाही, नुसती बशीएवढी खळगी आणि कडेनं मांडलेले बारके खडे.

एकदा दिसल्यावर मग ते दगड दिसेचनात. मघाशी मला तिथं मुरूम कसा दिसला हेच कळेना. पोरांना आजही मी हे सांगतो: डोळा तोच, उजेड तोच, वस्तू तीच.

दादांनी ढीग टाकायची जागा बदलली. विहिरीच्या दुसऱ्या अंगाला, पन्नास-साठ पावलं लांब. बायांना तेवढं अंतर जास्तीचं चालावं लागणार, तेही चढाचं. त्यांनी वाढवून मागितलं आणि बरोबरच मागितलं. काम संपेपर्यंत आठवड्याला पोतंभर ज्वारी जास्तीची ठरली. ज्वारी घरात भरपूर होती असं नाही. मायनं तोंडातून शब्द काढला नाही, पण कणगीवरचं झाकण तिनं जोरात लावलं ते मी ऐकलं. कुत्र्यांनी खाऊ नये म्हणून दादांनी अंड्यांभोवती बोराटीच्या काट्या लावल्या, टिटवीला येण्याजाण्यापुरती वाट ठेवून. रोज सांजच्याला बार उडायचा. टिटवी आभाळात जायची, धूळ खाली बसायच्या आत परत येऊन बसायची.

दादांनी हे दयेपोटी केलं, असं मी सरळ लिहून टाकलं तर ते खोटं होईल. टिटवीनं उंचवट्यावर अंडी घातली की पाऊस चांगला, खोलगटात घातली की कमी, असं आमच्याकडं मानतात. ढीग चांगला छातीएवढा उंच होता. दादा म्हणाले होते, "वर घातलेत. औंदा बरा पडंल." शकुन मोडायचा नाही, हेही त्यात असणार. पाऊस त्या वर्षी बेताचाच झाला. विहिरीला पाणी लागलं ते सव्वापाच परसांवर, करंगळीएवढा झरा.

तर उंबऱ्यावर बसून जो माणूस म्हणाला "अंडे हायेत", तो अशा कामावरून उठून आला होता.

विहिरीच्या काठावर मोबाईलवर तो भाग बघताना पहिल्यांदा लक्षात आला तो रंग. आमच्यासाठी ते जनावर करडं होतं. प्रत्यक्षात ते तांबूस-नारिंगी आहे, कडेनं झालर असलेलं. आत यानोश प्रोहास्का नावाचा कलाकार रांगतोय, तो पोशाख त्यानंच बनवलेला. आजच्या पोरांना ते गोधडी पांघरून सरपटणारं माणूसच वाटेल. मला तसं वाटलं नाही. त्याच्या अंगावरच्या जखमेकडं कॅमेरा जातो तेव्हा मी मोबाईल खाली ठेवला आणि मक्याला एक दारं बदलून आलो.

जनावराचं नाव होर्टा. सगळा जीव सिलिकॉनचा. ही कल्पना उगाच हवेतली नाही. आवर्तसारणीत कार्बनच्या बरोबर खाली सिलिकॉन बसतो, त्यालाही चारच हात, चार बंध करणारा. मग कार्बनसारखंच त्याच्यापासूनही जीव का घडू नये? अडचण श्वासाची. कार्बन ऑक्सिजनशी जुळला की वायू होतो आणि आपण तो सहज बाहेर सोडतो. सिलिकॉन ऑक्सिजनशी जुळला की गारगोटी होते, वाळू होते. असं जनावर असलंच तर त्याला श्वास सोडताना वाळू सोडावी लागेल. आणि खायला खडक. आमच्या पायाखालच्या पाषाणात जवळजवळ निम्मा भाग सिलिकाच आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून झालेला. होर्टाला आमच्या शिवारात कशाची ददात पडली नसती.

लाईट गेली होती ती जागा आली. स्पॉक ओरडत होता. माझा हात आपोआप स्टार्टरच्या दांड्याकडं गेला, मोटारीचा आवाज चालू आहे ना बघायला. चालू होती. आणि मग मी तो भाग जिथं संपला होता त्याच्या पुढं गेलो.

होर्टा खडकावर सरकते. बाजूला झाल्यावर दिसतं, तिनं दगडात इंग्रजी अक्षरं जाळून लिहिलीत. स्पॉकच्या मनातून तिला तेवढीच भाषा मिळालेली. 'नो किल आय.' कर्क विचारतो, म्हणजे काय? मला मारू नका, की मी मारणार नाही? मालिका त्याचं उत्तर देत नाही आणि ते बरं केलंय. टिटवी पंख फरफटवते तेव्हा ती विनवते की धमकावते, हे मला आजही सांगता येणार नाही.

स्पॉक पुन्हा तिच्या मनाला मन लावतो आणि या वेळी तिच्या तोंडचं बोलायला लागतो. तिथं एक शब्द येतो जो ऐकून मी व्हिडिओ मागं घेऊन परत ऐकला. डेव्हिल्स. सैतान. ती माणसांना म्हणतेय. भागाचं नाव वाचून सगळ्यांनी, आणि नाव माहीत नसतानाही आमच्या ओसरीनं, अंधारातला सैतान म्हणजे ती असं धरलेलं. पन्नास हजार वर्षांतून एकदा तिची सगळी जात मरते, एकटी मागं उरते ती अंडी राखायला, आणि खाणवाल्यांनी नवा मजला उघडून हजारो गोळे फोडून टाकले, किंमत नाही म्हणून. गोळे. साहेबाच्या खोलीतला तो एक, शोभेला ठेवलेला.

अंडीच होती.

अख्ख्या भागात एकही बाई बोलताना दिसत नाही, हेही या वेळी टोचलं. खाणीत बाप्ये, जहाजावर बाप्ये. बाई एकटी तीच, आणि तिचं म्हणणं स्पॉकच्या तोंडून. आमच्या विहिरीवर निम्म्या बाया होत्या. आधी थांबली ती त्यांतलीच एक. ती थांबली नसती तर दादांनाही ते दगडच दिसले असते, असं मला ठामपणे वाटतं.

जखमेवर मॅकॉय सिमेंटसारखा गिलावा करतो, मी डॉक्टर आहे गवंडी नाही असं चिडून म्हणत, आणि तिला बरी करतो. सोटे घेऊन धावून आलेल्या खाणकामगारांना कर्क अडवतो, तुम्ही तिची पोरं मारलीत म्हणून सांगतो. तेवढ्यावर ते थबकतात. पण शांत होतात ते पुढच्या वाक्यानं: तिची पिल्लं बोगदे पाडतील, तुम्ही नुसतं खनिज गोळा करा, श्रीमंत व्हाल. इथं माझं लेखकाशी पटलं नाही. जीन कून यांनी बाकी सगळं इतकं नेटकं लिहिलंय, पण नफा नसता तर त्या माणसांनी काय केलं असतं, हा प्रश्न त्यांनी टाळला. होर्टाच्या अंड्यांनी खाण भरभराटीला आली. आमच्या चार अंड्यांनी कणगी खाली गेली. मला दुसरी गोष्ट जास्त अवघड वाटते आणि म्हणून जास्त खरी.

या भागाचं चित्रीकरण चालू असतानाच कर्कचं काम करणाऱ्या विल्यम शॅटनरचे वडील वारले. निरोप आला तरी त्यानं काम चालू ठेवलं आणि मग तो गेला. भाग लावायच्या आधी हे वाचलेलं असल्यामुळं मी प्रत्येक दृश्यात त्याचा चेहरा न्याहाळत होतो, हे निरोपाच्या आधीचं की नंतरचं. काहीच कळत नाही. दादा गेले त्या दिवशी मलाही दहावीचे पेपर तपासून पूर्ण करायचे होते. उरलेला गठ्ठा मी तपासला, गुणांची बेरीज दोनदा केली आणि मग एसटीत बसलो. त्याला आता तीन वर्षं झाली.

भाग संपला तेव्हा साडेतीन वाजले होते. माळावर टिटवी अजून अधूनमधून बोलत होती. बॅटरी घेऊन बघायला जावं असं वाटलं, पण गेलो नाही; अंधारात पाय कुठं पडेल सांगता येत नाही.

उजाडताना घरी आलो. माय ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती, पेरणीच्या बियाण्यासाठी. तिला सांगितलं, दादा तेव्हा म्हणाले होते ना टीव्हीपुढं, दगड नाहीत अंडे हायेत. रात्री बघितलं, अंडीच निघाली. मायला तो रविवार आठवत नव्हता. टीव्हीही नीट आठवत नव्हता. टिटवी म्हटल्यावर मात्र तिनं वर बघितलं.

"मग, फुटले का?"

"फुटले. लई पिल्लं निघाली, सगळ्या खाणीत पळत सुटली."

तिनं मूठभर शेंगा फोडल्या. दाणे निवडून सुपात टाकले, पोचट बाजूला काढले.

"आपले तीनच फुटले होते," ती म्हणाली. "चौथं तुझ्या दादानं आठ दिवस तसंच राहू दिलं. काट्या काढू देईना."